ऑक्टोबरची ज्येष्ठता यादी

सरकारी कचेरीत दहा-अकरा वर्षे लेखणी झिजविली म्हणजे मनुष्यास एक खोड जडते. समोर आलेल्या प्रत्येक वस्तूस अनुक्रमांक दिल्यावाचून त्यास चैन पडत नाही. आम्ही बाजारास निघालो तरी वांगी आधी घ्यावयाची की कोथिंबीर, याचा निकाल लावल्यावाचून जिना उतरत नाही. आणि लग्नाच्या पंगतीत बसलो तर मसालेभात, मठ्ठा व जिलबी यांची गुणानुक्रमे मांडणी हात धुवावयास उठण्यापूर्वीच आमच्या मनात पुरी झालेली असते. अशा मनुष्याची एकुलती एक चैन चित्रपट ही असेल, तर महिनाअखेर तो काय करील हे केंद्र सरकारच्या सेवेतील वाचकांस सांगावयास नको. तो त्या महिन्यातील नव्या चित्रपटांची ज्येष्ठता यादी करील.

आमच्या कपाटाच्या दाराला आतल्या अंगाने असा एक कागद आजही चिकटविलेला आहे. शीर्षक रीतसर आहे : 'ऑक्टोबर 2018 मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटांची तात्पुरती ज्येष्ठता यादी'. खाली चार रकाने : अनुक्रमांक, नाव, रुजू झाल्याची तारीख व शेरा. तळाशी, प्रघाताप्रमाणे, 'हरकती असल्यास कळवाव्यात' अशी ओळ. ही ओळ आम्ही केवळ थट्टेने लिहिली होती. परंतु हरकती आल्या. एक नव्हे, दोन. त्यांचा निकाल लावता लावता इतकी वर्षे लोटली, आणि 'तात्पुरती' हा शब्द खोडून तेथे 'अंतिम' असे लिहिण्याचा योग अद्याप आलेला नाही.

आमची कचेरी इरुंगाट्टुकोट्टै येथे. चेन्नईहून बंगळूरच्या रस्त्याला लागले म्हणजे पूनमल्ली मागे पडते, चेंबरंबाक्कमचा विस्तीर्ण तलाव एका बाजूस राहतो आणि श्रीपेरंबुदूर यावयाच्या थोडे आधी हे गाव लागते. 'कोट्टै' म्हणजे कोट, किल्ला. आम्ही सातारा जिल्ह्यातील कराडचे. नेमणुकीचा हुकूम हाती पडला तेव्हा गावाचे नाव वाचून मनाशी म्हटले, चला, निदान एखादा बुरूज तरी पाहावयास मिळेल. प्रत्यक्षात आम्हांस दिसले ते कारखान्यांचे कोट. येथे 1998 पासून ह्युंदाईच्या मोटारी तयार होतात, कंटेनरांचे मोठे आगर आहे आणि मोटारींच्या शर्यतींसाठी बांधलेली एक वळणावळणांची धावपट्टीही आहे. शर्यतीच्या दिवशी तेथील यंत्रांची घरघर वाऱ्याबरोबर आमच्या खोलीपर्यंत येई.

राहण्यास खोली, जेवणास मेस आणि दारासमोर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 48, असा आमचा त्या वेळचा संसार होता. हा महामार्ग वेल्लूर, कृष्णगिरी, होसूर, बंगळूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर अशी गावे घेत कराडवरून साताऱ्यास आणि पुण्यास जातो. म्हणजे आमच्या खोलीचे दार आणि आमच्या घराकडे वळणारा फाटा, ही दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत. मध्ये फक्त हजार-एक किलोमीटर. रात्री जेवून बाहेर उभे राहावे, पश्चिमेकडे निघालेले ट्रक पाहावेत, एखाद्याच्या मागे महाराष्ट्राचा क्रमांक दिसला की उगीचच दोन पावले पुढे टाकावीत, आणि मग खोलीत येऊन झोपावे. कराडला आमची आई, पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी. बदलीसाठी केलेला अर्ज कोठल्या तरी टेबलावर होता. परमुलखी असलेल्या वाचकांस याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

चित्रपटांच्या बाबतीत मात्र आम्ही पोरके नव्हतो. कचेरीतील चार तमिळ सहकारी आम्हांस दर आठवड्यास ओढून नेत. एक वेल्लूरचे, एक मदुरैचे, एक तंजावरकडचे आणि एक चेन्नईच्या उत्तर भागातील रायपुरमचे. मेसचालकांनी तर पहिल्याच दिवशी आमचे मराठीपण हेरून सांगितले होते, "सार, तुमचे शिवाजीराव गायकवाड आम्ही घेतले, त्यांच्या बदली तुम्ही आलात." बंगळूरच्या मराठी घरात जन्मलेला तो मनुष्य रजनीकांत झाला आणि आम्ही कारकून झालो, तेव्हा या अदलाबदलीत नुकसान कोणाचे झाले हे उघड आहे, तरीही मेसचालकांनी आम्हांस पापड कधी कमी वाढला नाही.

कराडशीही आमचा चित्रपटांचा व्यवहार चालू असे. हिंदी चित्रपट आम्ही येथे पाहावा, पत्नीने तेथे पाहावा, आणि रविवारी दूरध्वनीवर दोघांनी त्याची चिरफाड करावी. तमिळ चित्रपटाची मात्र कथा आम्ही सांगावी व तिने ऐकावी. तिच्यापाशी एक वेगळी क्रमवारी असे. ती कागदावर नसे, पण आमच्या कागदाहून पक्की असे.

आता त्या ऑक्टोबराविषयी. त्या वर्षी 1 मार्चपासून तमिळ निर्मात्यांनी नवे चित्रपट प्रदर्शित करणे बंद ठेवले होते. चित्रगृहांना डिजिटल प्रक्षेपण पुरविणाऱ्या कंपन्यांच्या दरांवरून तो वाद होता, आणि तो एप्रिलमध्ये मिटेपर्यंत सुमारे सात आठवडे एकही नवा तमिळ चित्रपट पडद्यावर आला नाही. मग अडलेल्या पाण्यास वाट मिळावी तसे चित्रपट येऊ लागले, आणि ऑक्टोबरात तर तमिळ व हिंदी मिळून अशी गर्दी झाली की आमच्या खिशाने हाय खाल्ली. शंभर रुपयांवरील तिकिटावर त्या वेळी वस्तू व सेवा कर 28 टक्के होता. त्याशिवाय येथे स्थानिक करमणूक कर. तो नव्या तमिळ चित्रपटास 8 टक्के आणि अन्य भाषांस त्याहून अधिक. सारांश, आपल्या मुलखाची आठवण येथे अधिक दराने मिळे.

यादीचा नियम एकच : 1 ऑक्टोबर ते 31 ऑक्टोबर या मुदतीत रुजू झालेलाच चित्रपट पात्र. या नियमाने मारी सेल्वराज यांचा 'परियेरुम पेरुमाळ' केवळ तीन दिवसांनी बाहेर राहिला, कारण तो 28 सप्टेंबरला आला होता. तिरुनेलवेलीच्या विधी महाविद्यालयात शिकावयास आलेल्या दलित तरुणाची ती कथा आम्ही ऑक्टोबराच्या पहिल्या आठवड्यात पाहिली आणि दोन दिवस जेवण गोड लागले नाही. रायपुरमचे मित्र म्हणाले, "नियम शिथिल करा." आम्ही म्हटले, "नियम म्हणजे नियम." ठरलेल्या तारखेमुळे ज्यांची संधी हुकली असे कित्येक अर्ज आम्ही स्वहस्ते परत पाठविले आहेत. मनुष्य दिवसभर जे करतो तेच संध्याकाळीही करतो.

सातवा क्रमांक आम्ही 'सण्डक्कोळी 2' या चित्रपटास दिला. तो 18 ऑक्टोबरला, आयुधपूजेच्या दिवशी आला. त्या सुमारास इरुंगाट्टुकोट्टै पाहण्यासारखे असते. कारखान्यांच्या फाटकांना केळीचे खुंट, यंत्रांना गंध, ट्रकांच्या कपाळी विभूतीचे पट्टे, चाकांखाली लिंबे आणि रस्त्यावर फोडलेले कुंकू भरलेले कोहळे. आमच्या कचेरीत संगणकालाही चंदन लागले होते. अशा उत्सवातून उठून आम्ही चित्रपटास गेलो तर तेथेही उत्सवच! गावची सात दिवसांची जत्रा, सूडाने पेटलेली एक स्त्री, आणि ज्याचा जीव घेण्यासाठी ती टपली आहे त्याचे रक्षण करणारा नायक विशाल. दिग्दर्शक लिंगुसामी व विशाल यांच्या 2005 सालच्या यशस्वी चित्रपटाचा हा उत्तरार्ध. आमचा शेरा : 'पूर्वपुण्याईवर बढती'.

सहावा 'वड चेन्नै', म्हणजे उत्तर चेन्नई. वेट्रिमारन यांचा हा चित्रपट 17 तारखेस आला. धनुष यात अन्बु नावाच्या कॅरमपटूची भूमिका करतो. खेळातून नाव काढू पाहणारा हा तरुण टोळ्यांच्या वैरात आणि तुरुंगात कसा ओढला जातो, आणि त्याची कोळी वस्ती समुद्रकाठावरून उठविण्याचे बेत कसे शिजतात, याची ती कथा. ती सरळ चालत नाही. मागे जाते, पुढे येते, पुन्हा मागे जाते. त्यातील बोली तर अशी की पाच वर्षे जमविलेले आमचे तमिळ पहिल्या दहा मिनिटांत गळून पडले. शेजारी रायपुरमचे मित्र तल्लीन झालेले. त्यांस कोपराने ढोसून अर्थ विचारण्याचे धैर्य झाले नाही. आमचा शेरा : 'भाषा दुर्बोध, कॅरम उत्तम'.

पाचवा 'राट्चसन', म्हणजे राक्षस. दिग्दर्शक राम कुमार, तारीख 5. शाळकरी मुलींच्या खुन्याचा शोध हा त्याचा विषय. आम्हांस त्यात गुंतविले ते नायकाच्या नोकरीने. या तरुणास चित्रपट दिग्दर्शक व्हावयाचे असते. पटकथा घेऊन तो दारोदार हिंडतो, आणि शेवटी वारलेल्या बापाच्या मागे पोलिसांत भरती होतो. ज्यास जे व्हावयाचे होते ते न होता तो सरकारी नोकर झाला, एवढ्यावरच आमची सहानुभूती त्याने जिंकली. वेल्लूरचे मित्र आमच्या सोयीसाठी संवाद इंग्रजीत कुजबुजत होते. पण आपण तो आधी पाहिला आहे हे त्यांनी सांगितले नव्हते. परिणाम असा झाला की सारे चित्रगृह दचकण्याच्या क्षणभर आधी आम्ही एकटेच दचकत होतो. शेरा : 'उत्कृष्ट, परंतु दुभाष्या बदलावा'.

चौथा 'बधाई हो', 18 तारखेचा. दिल्लीतील रेल्वेच्या तिकीट तपासनिसाच्या घरी, थोरला मुलगा लग्नाच्या वयाचा झाला असताना, पत्नीस पुन्हा दिवस जातात आणि घराची तारांबळ उडते. नीना गुप्ता आणि गजराज राव यांनी ते वयस्क जोडपे असे उभे केले आहे की पाहणाऱ्यास आपल्याच आळीतले वाटावे. सासूबाईंच्या भूमिकेसाठी सुरेखा सिक्री यांस पुढे राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. या तपासनिसास कविता करण्याचा नाद आहे, आणि त्याची कविता एका नियतकालिकात छापून येते. प्रस्तुत मासिकाच्या वाचकांस व लेखकांस या मनुष्याविषयी आपुलकी वाटावी हे स्वाभाविक आहे. तरी आम्ही त्यास चौथ्या क्रमांकावर बसविले. शेरा : 'मनोरंजक, हलका'. हा 'हलका' शब्द पुढे आम्हांस फार जड गेला.

तिसरा 'अंधाधुन'. श्रीराम राघवन यांच्या या चित्रपटात एक पियानोवादक आंधळेपणाचे सोंग घेतो आणि नको ते त्याच्या दृष्टीस पडते. बहुतेक कथा पुण्यात घडते. तमिळ घरातला, पण पुण्यात वाढलेला दिग्दर्शक पुण्याचा चित्रपट काढतो, आणि कराडचा कारकून तो चेन्नईत बसून पाहतो, ही योजना विधात्याने विनोदबुद्धीनेच केलेली असावी. पडद्यावर पुण्याचे रस्ते दिसताच मदुरैचे मित्र म्हणाले, "सार, तुमचे गाव?" आम्ही तत्काळ मान डोलाविली. कराडचा मनुष्य कराडात असताना पुणेकरांविषयी काय बोलतो हे येथे लिहिण्याचे कारण नाही. परंतु चेन्नईत तो बिनदिक्कत पुणेकर होतो. शेरा : 'गृहजिल्हा'.

दुसरा 'तुंबाड'. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट 12 तारखेस आला आणि आमच्या शहरात तो एखाद-दुसऱ्या खेळापुरताच होता. त्यासाठी आम्ही सकाळी दोन बसगाड्या बदलल्या. श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीमुळे ओळखीचे झालेले नाव, नारायण धारपांच्या भयकथेचा धागा, न थांबणारा पाऊस, शेवाळलेला वाडा आणि त्या वाड्याच्या पोटातले सोन्याच्या नाण्यांचे शापित भांडार. संवाद हिंदी, पण त्या घराची कौले मराठी होती. चित्रगृहात पुरते वीस प्रेक्षकही नव्हते. विनायक पुण्याहून पुनःपुन्हा तुंबाडास जातो, जीव धोक्यात घालून मूठभर नाणी आणतो, आणि ती संपली की परत निघतो. परगावी राहून दरमहा घरी पैसे धाडणाऱ्यास त्याचा तिरस्कार करणे कठीण जाते. शेरा : 'स्वभाषिक, वशिल्याचा आरोप येऊ नये म्हणून दुसरा'.

आणि पहिला '96'. तारीख 4 ऑक्टोबर, दिग्दर्शक सी. प्रेमकुमार. तंजावरच्या शाळेतील 1996 च्या वर्गाचे सोबती बावीस वर्षांनी चेन्नईत एकत्र जमतात. त्यांत राम आहे, भटकंती करणारा छायाचित्रकार. आणि जानू आहे, जी आता सिंगापूरला संसारात आहे. भूमिका विजय सेतुपति आणि त्रिशा यांच्या. मेळावा संपतो. जानूचे विमान सकाळी आहे. उरलेली रात्र ती दोघे चेन्नईत हिंडून, बोलून काढतात. एवढेच. शाळेत असताना राम तिला 1991 च्या 'दळपति' चित्रपटातील एक गीत म्हणावयास नेहमी सांगे, आणि ती मुद्दाम दुसरेच म्हणे. त्या रात्री रामच्या घरी वीज जाते, आणि अंधारात ती तेच गीत गाते. इळैयराजांच्या त्या चालीत यमुना आहे, राधा आहे, वाट पाहणे आहे. आमच्याकडील गवळणी ऐकत वाढलेल्या मनुष्यास त्यासाठी दुभाष्या लागत नाही.

खरे सांगावयाचे तर त्या चित्रपटातील माणसे फार सावकाश बोलतात. शनिवारी, 6 तारखेस, रात्रीच्या खेळाला शेजारी तंजावरकडचे मित्र होते. मधल्या सुटीत त्यांनी विचारले, "पुरिंजुदा?" म्हणजे, समजले का? आम्ही म्हटले, सगळे समजले. कोणासही कोपराने न ढोसता आम्हांस कळलेला तो पहिला तमिळ चित्रपट होता. परक्या मुलखाने प्रथमच आमच्याशी आमच्या चालीने बोलावे तसे झाले. शेऱ्याच्या रकान्यात आम्ही काहीच लिहिले नाही.

परंतु तो रकाना कोरा राहण्यास आणखी एक कारण होते. आदल्या दिवशी, शुक्रवारी, आमचा बदलीचा अर्ज परत आला होता. 'विनंती मान्य करता येत नाही', एवढीच ओळ. तिच्यात राग येण्यासारखे काही नव्हते. तसल्या ओळी आम्हीही टंकलिखित करतो. तो कागद घडी करून आम्ही खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी चित्रपटास गेलो. रविवारी सकाळी पत्नीस '96' ची कथा पाऊण तास सांगितली. जानू विमानतळावर रामचा निरोप घेते येथवर येताच ती म्हणाली, "मग ती गेली?"

"गेली."

"आणि तो?"

"तो घरी आला आणि तिच्या आठवणींची पेटी मिटून ठेवली."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग मुलीस दूध द्यावयाचे आहे म्हणून तिने दूरध्वनी ठेवला. अर्जाविषयी आम्ही काही बोललो नाही. पुढच्या रविवारीही बोललो नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

महिनाअखेर, बुधवारी, कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर यादी वाचून दाखविली. चौघांनी आपापल्या आवडीप्रमाणे कपाळास आठ्या घातल्या. रायपुरमचे मित्र मात्र चहा तसाच ठेवून म्हणाले, "सार, वड चेन्नै सहावा?"

"भाषा समजली नाही," आम्ही म्हटले.

"भाषा नव्हे. तुम्ही आमचे चेन्नई पाहिलेच नाही. तुम्हांला कचेरी ठाऊक, रेल्वे स्टेशन ठाऊक. ते चेन्नई तुमचे, हे आमचे."

ही पहिली हरकत. तिची चौकशी करण्यासाठी पुढल्या रविवारी त्यांनी आम्हांस आपल्या घरी नेले. कासिमेडूच्या बंदरावर उतरणारी मासळी दाखविली, आणि संध्याकाळी एका गल्लीतील कॅरम मंडळात नेऊन बसविले. महाराष्ट्रात गणपतीच्या मांडवात कॅरमची बक्षिसे घेतलेल्या आमच्यासारख्यास त्या खेळाचा थोडा गर्व असतो. समोर चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा बसला. त्याने एकदा आमच्याकडे पाहिले, बोटांस पावडर लावली, आणि आम्हांस दुसरी संधी न देता पट साफ केला. भोवतालचे हसले, तोही हसला. मग आम्ही '"वड चेन्नै" पुन्हा पाहावा म्हणतो,' असे पुटपुटलो. तो पुन्हा पाहिला. या वेळी ती वस्ती, ते पट आणि ती माणसे कोठे तरी पाहिलेली होती, त्यामुळे भाषा निम्मी कळली व उरलेली निम्मी लागली नाही. सहाच्या आकड्यावर आम्ही काट मारली आणि तेथे पेन्सिलीने दोन लिहिले.

दुसरी हरकत त्याच बुधवारी रात्री आली. दूरध्वनीवर यादी वाचून दाखविताच पत्नी म्हणाली, "अहो, त्या '96' ला पहिला नंबर देऊ नका."

"का बरे?"

"लांबून बघणाऱ्याला ताटातूट फार सुंदर दिसते. इथे संध्याकाळी पोरगी दाराकडे बघत बसते, त्याला कोणी संगीत लावत नाही." मग किंचित थांबून, "माझा पहिला नंबर 'बधाई हो'. तो टी.सी. ड्यूटी संपली की घरी येतो. कविता छापून आली तर बायकोला वाचून दाखवतो. तुम्ही त्याला हलका म्हणालात."

आम्ही काही तरी विनोद करण्याच्या विचारात होतो, तोच तिने विचारले, "बदलीचे काय झाले?"

मग सांगावेच लागले. तारीखही सांगावी लागली. ती म्हणाली, "पाच तारखेला? म्हणजे तो पिक्चर बघायच्या आदल्या दिवशी?" आणि नंतर, आवाज न चढविता, "तरीच तुम्हांला तो एवढा आवडला."

वाचकहो, आजवर वरिष्ठांनी आमच्या टिपणांवर पुष्कळ शेरे मारले आहेत; इतका नेमका शेरा कोणी मारलेला नाही. आम्हांस विरहाचे दुःख होते हे खरे. परंतु त्या दुःखाभोवती आम्ही मेस, मित्र, चित्रपट, महामार्गावरचे ट्रक असे सर्व नीट मांडून ठेवले होते, आणि रोज संध्याकाळी त्या मांडणीकडे पाहण्यात आम्हांस एक प्रकारची गोडी वाटू लागली होती. आम्ही अर्ज केले ते कराडला जाण्याचे. 'तू इकडे येतेस का,' असा एक साधा अर्ज आम्ही कधी केलाच नव्हता. आमच्या हिशेबी कराड हे घर होते आणि इरुंगाट्टुकोट्टै हा मुक्काम; मुक्कामावर बिऱ्हाड थाटावयाचे नसते, त्याविषयी ललित निबंध लिहावयाचा असतो.

"मी तिकडे आले तर?" तिने विचारले.

"भाषा?" आम्ही म्हटले.

"तुम्हांला येऊन येऊन पाच वर्षांत किती आली? मला बाजारात रोज जायचे आहे, मला लवकर येईल."

2019 च्या जूनमध्ये ती मुलीस घेऊन आली. पुढे आईही येऊन-जाऊन राहू लागली. श्रीपेरंबुदूरच्या बाजूस दोन खोल्यांचे बिऱ्हाड केले. सहा महिन्यांत पत्नी भाजीवाल्या बाईशी तमिळमध्ये भांडू लागली, आणि वर्षाच्या आत त्या भांडणाचे मैत्रीत रूपांतर झाले. आमची मुलगी आता दहा वर्षांची आहे. ती आमच्या तमिळ उच्चारांना हसते आणि मराठी शुद्धलेखनात आमच्याकडून मार्क कापून घेते. सर्व गोड झाले असे नव्हे. कराडच्या वाड्यातील दोन खोल्या बंद असतात, दिवाळीच्या गाडीची तिकिटे मिळत नाहीत, आईस येथला उकाडा मानवत नाही. पण संध्याकाळी दाराकडे बघत बसण्याचे काम आता कोणाकडे नाही.

यादीत पुढेही फेरफार झाले. 13 सप्टेंबर 2024 रोजी 'तुंबाड' पुन्हा चित्रगृहांत आला, आणि पहिल्या वेळी झाली होती त्याहून अधिक कमाई त्याने या दुसऱ्या वेळी केली. निवृत्त मनुष्यास परत बोलावून बढती द्यावी असा हा प्रकार सरकारी सेवेत तरी आम्ही पाहिलेला नाही. मुलीस शेजारी ठेवून आम्ही दोघे गेलो. सहा वर्षांपूर्वी जेथे वीस माणसे नव्हती तेथे तरुण मुलामुलींची गर्दी होती. पडद्यावर पाऊस सुरू झाला तेव्हा पत्नी कानाशी म्हणाली, "विनायकने बायकोला पण बरोबर न्यायला हवे होते." आम्ही मुकाट्याने मान डोलाविली.

आणि '96'? तो तिने गेल्या उन्हाळ्यात, घरी, दूरचित्रवाणीवर पाहिला. मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. तिला आता दुभाष्या लागत नाही. उलट रामच्या शाळासोबत्यांची एक थट्टा आम्हांस कळली नव्हती, ती तिने समजावून सांगितली. अंधारातील ते गीत आले तेव्हा तिने हातातील शेंगांची परात खाली ठेवली. चित्रपट संपल्यावर बराच वेळ ती बसून होती. आम्ही हरकतीच्या निकालाची वाट पाहत होतो.

"गाणे फार छान आहे," ती म्हणाली. "पण विमान चुकायला हवे होते."

मग तिने परात उचलली आणि उरलेल्या शेंगा सोलावयास घेतल्या. आम्ही कपाट उघडले. पहिल्या क्रमांकापुढे कोरा राहिलेला शेऱ्याचा रकाना होता. तेथे पेन्सिलीने तिचे वाक्य लिहिले आणि दार लावून घेतले. क्रमांक अजून बदललेला नाही. यादी तात्पुरतीच आहे.